आजोबांचा परवाना

मंडळी, आज आपण फार दूरच्या मुलखाची गोष्ट वाचणार आहोत. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचे एक राज्य आहे. त्याच्या दक्षिणेला मेक्सिको देश लागतो. या राज्यात टूसान नावाचे मोठे शहर आहे. शहराच्या ईशान्येला गॅलियूरो नावाची डोंगरांची रांग आहे. या डोंगरात हरणाच्या शिकारीला गेलेल्या एका घरची ही गोष्ट. माणसांची नावे सांगत नाही. असे घर त्या बाजूला गावोगाव आढळेल.

तुम्ही म्हणाल, शिकारीची गोष्ट आपल्याला कशाला? आपल्याकडे तर शिकारीला बंदी आहे. खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर यांना मारणे गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास होतो. तिकडचा कायदा वेगळा आहे. पण कायदा वाचणे, तो पाळणे आणि कुणी पाहत नसतानाही पाळणे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून हा पाठ.

मुलूख कसा आहे

गॅलियूरोचे डोंगर उघडे आणि कोरडे आहेत. कडे तुटलेले, घळी खोल. सर्वांत उंच शिखर साडेसात हजार फुटांच्या वर आहे. आपले कळसूबाई साधारण पाच हजार चारशे फूट आहे. त्यावरून अंदाज करा.

पायथ्याशी वाळवंट आहे. पण वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे बरे का! तिथे काटेरी झाडे दाट आहेत. सग्वारो नावाचा निवडुंग असतो. तो खांबासारखा सरळ वाढतो आणि चाळीस फुटांपर्यंतही जातो. चोया नावाचा दुसरा निवडुंग आहे. त्याला नुसता कपडा लागला तरी त्याचा तुकडा काट्यांसकट चिकटून येतो.

काही झाडे मात्र तुमच्या ओळखीची निघतील. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. दोरासाठी लावतात ती घायपातही तिकडचीच. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, तिची भावंडे तिथे ओढ्याकाठी उभी असतात. वर चढत गेले की ओकची बुटकी झाडे लागतात.

पाणी फार थोडे. ओढे वर्षातला बराच काळ कोरडे. कुठे एखादा झरा, कुठे खडकातली डबकी. म्हणून तिथला एक कायदा असा आहे : जवळपास दुसरे पाणी नसेल, तर पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करून जनावरांची वाट अडवायची नाही. माणूस पाण्याजवळ बसला तर रानातले जनावर आणि गुरे तहानलेली परत जातात. हा कायदा चांगला आहे, नाही का?

हरीण कसे असते

या डोंगरात दोन जातींची हरणे असतात. एक मोठ्या कानांचे. त्याचे कान खेचराच्या कानांसारखे लांब. ते पळताना चारही पाय एकदम उचलून उड्या मारते. दुसरे लहान चणीचे, पांढऱ्या शेपटीचे. त्याला कूज हरीण म्हणतात. त्याचा मोठा नरसुद्धा पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या बोकडाएवढा.

कूज हरणाचा रंग खडकासारखा राखी. ते उभे राहिले की दिसत नाही. घाबरले की शेपटी वर करून पळते, तेव्हा पांढरा झेंडा हलल्यासारखा दिसतो. लोक त्याला राखाडी भूत म्हणतात.

आपल्या काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. पण चितळ, सांबर आणि ही तिकडची हरणे, यांच्या नरांची शिंगे झडतात आणि पुन्हा नवी येतात.

परवाना

आता घरातली माणसे पाहू. आजोबांनी उभा जन्म तांब्याच्या खाणीत काम केले. अ‍ॅरिझोनात तांब्याच्या मोठमोठ्या खाणी आहेत. वय झाले, गुडघे गेले. घरात मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू.

तिथे हवे त्याने हवे तेव्हा हरीण मारायचे असे चालत नाही. सरकारी खात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्ज पुष्कळ, परवाने थोडे. मग सोडत निघते. परवान्यावर डोंगराचा विभाग छापलेला असतो, तारखा छापलेल्या असतात, जात छापलेली असते. एका माणसाला वर्षाला एकच हरीण. विभाग चुकला, तारीख चुकली, तर शिकार नव्हे, चोरी झाली.

त्या वर्षी घरात फक्त आजोबांचे नाव लागले. सगळ्यांना आनंद झाला. पण आजोबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी नातीला विचारले,

"काय गं, तू शाळा पुरी केलीस ना? बंदुकीची?"

"हो आजोबा. परीक्षासुद्धा पास झाले."

तिथे दहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. दहा ते तेरा वर्षांच्या मुलाला आधी शिक्षण घ्यावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. आजी-आजोबा किंवा आई-वडील आपला परवाना मुलाच्या नावाने रीतसर करून देऊ शकतात.

आजोबा म्हणाले, "मग माझा परवाना तुझ्या नावाने करू. माझे गुडघे आता चाप ओढायला नाही, पण वाट दाखवायला चालतील."

मुलगी काही बोलली नाही. तिला ठाऊक होते, आजोबांना कदाचित हा शेवटचा परवाना मिळाला होता.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर महिना. दिवसा ऊन, रात्री गोठवणारी थंडी. आईने सामानाची यादी लिहिली. माणशी रोज चार लिटर पाणी. पाच माणसे, चार दिवस. गुणाकार तुम्हीच करून पाहा. ऐंशी लिटर! एवढे पाणी गाडीत घालून न्यायचे. कारण डोंगरात भरवशाचे पाणी नाही.

घरचा नियम आईने मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत चिकटवला : "जवळचे पाणी अर्धे झाले की मागे फिरायचे."

नियमांचे छापील पुस्तकही बरोबर घेतले. नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवायचे, असे ठरले. तो अडखळत वाचे. आजोबा म्हणत, "सावकाश वाच. पण गाळू नकोस. गाळलेल्या ओळीतच दंड असतो."

डोंगराचा आतला भाग १९६४ सालापासून राखीव रान आहे. तिथे मोटार जात नाही. सायकल किंवा हातगाडीसुद्धा चालत नाही. पायी जायचे, नाहीतर घोड्यावरून. जे मिळेल ते पाठीवर आणायचे.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी आजोबांनी एक काम काढले. पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या घेऊन ते नातवाबरोबर सोंडेच्या निम्म्यापर्यंत चढले. तिथे दोन वाटा फुटत होत्या. एका मोठ्या दगडाखाली सावलीत त्यांनी बाटल्या ठेवल्या. नातवाने नकाशावर तिथे फुली मारली आणि बाजूला लिहिले, 'पाणी'.

मुलगा हसून म्हणाला, "बाबा, एवढे ओझे उगीच वर नेलेत. परत उतरवावे लागेल."

"उतरवू की," आजोबा म्हणाले. "उतरवलेल्या पाण्याचे ओझे होत नाही. नसलेल्या पाण्याचे होते."

दुसरा दिवस

पहाटे अंधारात निघाले. या शिकारीत चालणे कमी आणि बसणे फार. उंचावर बसायचे, दुर्बीण तिकाटण्यावर ठेवायची आणि समोरची उतरण वीत वीत पाहायची. सकाळी हरणे उन्हाच्या बाजूला चरतात. ऊन तापले की ओकच्या सावलीत बसतात. मग सगळे हरीण दिसत नाही. एखादा कान दिसतो, शिंगाचे टोक दिसते.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवावे लागते. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते. ऊन तापले की हवा वर चढते. माणसाचा वास हरणाकडे गेला, की संपले. आई चिमूटभर पिठासारखी पूड हवेत सोडून वारा पाही.

दिवसभर चार माद्या दिसल्या. परवाना नराचा होता. संध्याकाळी सूर्य टेकला आणि वडील कुजबुजले, "वर बघ. धारेवर."

डोंगराच्या धारेवर एक नर उभा होता. शिंगे आभाळात स्पष्ट दिसत होती. अंतर दीडशे पावले. मुलगी आडवी झाली. बंदूक दगडावर टेकवलेली. हरीण कुशीने उभे होते, हलत नव्हते. यापेक्षा सोपी संधी मिळणे नाही.

पण मुलीने चापाला बोट लावले नाही.

"मार ना," धाकटा हळूच म्हणाला.

"त्याच्या मागे आभाळ आहे," ती म्हणाली.

हरीण क्षणभर थांबले आणि धारेपलीकडे उतरून गेले.

बंदुकीच्या शाळेत चार गोष्टी शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि चौथी : निशाण ओळखावे, निशाणाच्या मागे काय आहे तेही पाहावे. रायफलची गोळी चुकली तर मैलाहून दूर जाऊ शकते. मागे डोंगराची माती असेल तर गोळी मातीत रुतते. मागे आभाळ असेल तर ती कुठे जाईल, कोण सांगणार?

त्या रात्री मुलगी जेवली नाही. तिला वाटत होते, आजोबांचा परवाना आपण वाया घालवला. आजोबा काही बोलले नाहीत. तिच्या अंगावर घोंगडे घालून झोपायला गेले.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे त्याच धारेवर चढले. पलीकडे काय आहे ते पाहू, असे वडील म्हणाले. आजोबा मागून काठी टेकत आले. धारेवर पोचले आणि सगळे थांबले.

खाली घळीत एक तंबू होता. चुलीचा धूर निघत होता. कुणीतरी दुसरे कुटुंब उतरले होते. एक लहान मूल शेकोटीभोवती फिरत होते.

कोणी काही बोलले नाही. आईने मुलीचा हात घट्ट धरला. आजोबा एवढेच म्हणाले, "चला. दुसरी घळ पाहू."

साडेनऊच्या सुमाराला ते हरीण पुन्हा दिसले, किंवा त्याच्यासारखेच दुसरे. या वेळी ते समोरच्या उतरणीवर होते. मागे उभा मातीचा डोंगर. मुलीने वडिलांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तिने श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

हरीण दचकले, उडाले आणि झुडपांत दिसेनासे झाले.

"लागली का?" धाकट्याने विचारले.

"लागली," आजोबा दुर्बिणीतून पाहत म्हणाले. "पण लगेच धावू नका. अर्धा तास बसा. मागे लागलो तर ते दूर जाऊन मरेल."

तो अर्धा तास मुलीला फार लांब वाटला. तेवढ्यात आईने बाटल्या पाहिल्या. पाणी अर्ध्यावर आले होते.

आता सांगा, काय करावे? घरचा नियम म्हणतो, मागे फिरा. पण जखमी जनावर टाकून जाणे चांगल्या शिकाऱ्याला शोभत नाही. शिवाय मारलेल्या जनावराचे मांस वाया घालवणे हा त्या राज्यात गुन्हा आहे. वडील म्हणाले, "मी एकटा जातो." आई म्हणाली, "एकट्याने घळीत उतरायचे नाही. पाय मुरगळला तर?"

तेव्हा नातवाने नकाशा पुढे केला. फुलीवर बोट ठेवले आणि वाचले, "पाणी."

वडील खाली पाहू लागले. मग म्हणाले, "बाबा, परवा मी हसलो होतो."

"हसणे फुकट असते," आजोबा म्हणाले. "जा. मी आणि हा पोरगा त्या दगडापाशी जाऊन बसतो. तुम्ही तिघे उतरा. दोन तासांत या. हरीण सापडो न सापडो, या."

तिघे उतरले. मुलगी पुढे, डोळे जमिनीवर. एका पानावर रक्ताचा थेंब. दहा पावलांवर दुसरा. मग दगडावर खुराचा ओरखडा. मग काहीच नाही. जिथे शेवटचा थेंब दिसला तिथे आईने झुडपाला रुमाल बांधला. तिथून गोल गोल शोधत गेले. दोनशे पावलांवर एका ओकच्या झाडाखाली हरीण पडले होते. गोळी छातीतून गेली होती. फार वेळ तडफडले नव्हते.

मुलगी जवळ बसली. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

वडील म्हणाले, "रड. हे न वाटणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये."

मग परवान्याची चिठ्ठी हरणाला बांधली. नियम तसाच आहे. त्यानंतर वेळ घालवला नाही. उन्हात मांस लवकर नासते. पोट साफ केले, कातडे काढले, मांस स्वच्छ जाळीदार कापडाच्या पिशव्यांत भरून सावलीत गार केले. तिघांनी पाठीवर घेतले. दोन तासांना दहा मिनिटे कमी असताना ते दगडापाशी पोचले. दगडाखालच्या बाटल्या गार होत्या. पाणी पिऊन सगळे हळूहळू मुक्कामी उतरले.

संध्याकाळचे बोलणे

रात्री शेकोटीशी मुलीने विचारले, "आजोबा, हरणे मारूच नयेत, असे का करत नाहीत?"

"तसे म्हणणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत," आजोबा म्हणाले. "त्यांचे म्हणणे ऐकावे. पण एक गोष्ट सांगतो. याच राज्यात, उत्तरेला, कैबाब नावाचे पठार आहे. १९०६ साली ते हरणांसाठी राखून ठेवले. शिकार बंद केली. हरणांना खाणारे डोंगरी सिंह आणि कोल्हे सरकारने मारवले. हरणे वाढली, फार वाढली. त्यांनी पाला ओरबाडून खाल्ला. १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत पुष्कळ हरणे उपाशी मेली. किती मेली, का मेली, यावर विद्वान आजही वाद घालतात. पण एक कळले. रानात एक दोरा ओढला की दुसरा हलतो."

"मग आता?"

"आता मोजणी करतात, आणि त्यावरून परवाने किती द्यायचे ते ठरवतात. १९३७ साली कायदा झाला. त्या कायद्याने रायफल आणि काडतुसांवर शेकडा अकरा कर राज्यांतल्या वन्यप्राण्यांच्या कामासाठी दिला जातो. वाळवंटात जनावरांसाठी पाण्याची टाकी बांधलेली असतात. कोरड्या सालात लोक तिथे पाणी वाहून नेतात. या उन्हाळ्यात आपण जाऊ."

"मी येईन," मुलगी म्हणाली.

आजोबा पुढे म्हणाले, "या मुलखात याकी लोकही आहेत. त्यांच्या सणात हरणाचा नाच असतो. नाचणारा डोक्यावर हरणाचे मस्तक बांधतो. ज्याने आपल्याला अन्न दिले त्याला ते विसरत नाहीत. आपणही विसरू नये."

घरी आल्यावर मांस तोलले. पंधरा किलो भरले. त्यातले चार किलो शेजारच्या दोन घरी दिले. परवान्याचा कागद आजोबांनी जपून ठेवला. त्यावर नातीचे नाव होते.

हे लक्षात ठेवा

रानात जाताना पाणी लागते त्याहून जास्त न्यावे. वाट, पाणी आणि परतायची वेळ कागदावर लिहावी. नियम गाळून वाचू नये. आणि आपल्या कामाच्या पलीकडे कोण उभे आहे, ते दिसत नसले तरी त्याचा विचार करावा. गोळीचे आहे तेच शेतातल्या औषधाचे, नांगरटीच्या आगीचे आणि रस्त्यावरच्या गाडीचेही आहे.

शब्दांचे अर्थ

सोंड : डोंगराची खाली उतरत गेलेली लांब बाजू.
घळ : दोन डोंगरांमधली अरुंद, खोल जागा.
धार : डोंगरमाथ्याची अरुंद कड.
चाप : बंदुकीचा खटका.
सोडत : चिठ्ठ्या काढून नावे ठरवणे.
तिकाटणे : तीन पायांची घडवंची.

प्रश्न

१. पाणवठ्याजवळ मुक्काम करण्याबद्दल त्या राज्याचा कायदा काय आहे? का?
२. मुलीने पहिल्या वेळी गोळी का झाडली नाही? पलीकडे काय निघाले?
३. पाणी अर्धे झाल्यावर घरच्या माणसांपुढे कोणती अडचण आली? ती कशी सुटली?
४. पाच माणसे, माणशी रोज चार लिटर, सहा दिवस. किती पाणी लागेल?
५. तुमच्या गावाजवळच्या रानात कोणती जनावरे आहेत? उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठे मिळते? पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.